बांडगूळ आणि चंदन

(मंडळाच्या साठाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण. काही भगिनींच्या आग्रहावरून ते लिहून काढून येथे दिले आहे.)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी शाळेत एकतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. पण तेव्हा समोर बसलेल्या मुलींना मधूनच उठून जाण्याची सोय नव्हती. तुम्हाला ती आहे, शिवाय मागच्या खोलीत चहा उकळतो आहे, म्हणून मी जरा भीतभीतच उभी आहे.

विषय मात्र मला शोधावा लागला नाही. तो आपल्या सभेनेच दिला. गेल्या मासिक सभेत दोन सूचना आल्या होत्या, त्या तुम्हाला आठवत असतील. एक अशी की, आवारातल्या आंब्यावर बांडगूळ फार माजले आहे, तर माणूस लावून ते समूळ काढून टाकावे. दुसरी अशी की, मंडळाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी लावलेले चंदनाचे रोप मेले, पुन्हा लावले तेही मेले, तेव्हा आपल्या मातीला चंदन मानवत नाही असे समजून ती जागा कुंड्यांना द्यावी. दोन्ही सूचना वेळेअभावी तहकूब राहिल्या. मी घरी गेले आणि मनाशी म्हटले, या बायकांनी एकाच प्रश्नाचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी मांडले आहेत! कारण बांडगूळ आणि चंदन यांचे गोत्र एक आहे.

हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसताहेत. चंदन म्हणजे देवाच्या कपाळी लागणारे, आणि बांडगूळ म्हणजे शिवी. कुणी दुसऱ्यासाठी आयुष्य वेचले तर आपण म्हणतो, चंदनासारखा झिजला. कुणी आयते बसून खाल्ले तर म्हणतो, बांडगूळ मेले! पण शास्त्राच्या वहीत दोघांची नावे एकाच पानावर आहेत. दोघेही दुसऱ्या झाडाच्या अंगात मुळे खुपसून त्याचे पाणी पितात. बांडगूळ ते आपल्या डोळ्यांसमोर फांदीवर करते, चंदन तेच मातीखाली, कुणाला न दिसेल असे करते. फरक काय तो एवढाच.

आधी थोडी ओळख करून देते, कारण या बाबतीत आपल्याकडे पुष्कळ घोटाळा आहे. झाडावर जे जे उगवते ते सगळे बांडगूळ नव्हे. आपण केसांत माळतो ती सीतेची वेणी झाडाच्या सालीला धरून राहते, पण झाडाचा एक थेंब रस घेत नाही. पावसाचे पाणी आणि सालीवरचा पालापाचोळा यांवर तिचे भागते. ती भाडेकरूसुद्धा नव्हे, नुसती ओसरीवर टेकलेली पाहुणी. भिंतीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवलेला पिंपळही रस पीत नाही. तो त्या झाडाला आवळतो हे खरे, पण त्याची मुळे शेवटी जमिनीचीच वाट धरतात.

खऱ्या परोपजीवी वनस्पतीची खूण एकच. तिच्यापाशी एक विशेष मूळ असते, त्याला आम्ही शोषकमूळ म्हणतो. हे मूळ दुसऱ्या झाडाच्या सालीला चिकटते, साल भेदून आत शिरते आणि त्याच्या वाहिन्यांना आपली वाहिनी जोडून घेते. शेजारच्यांच्या नळाला रात्रीतून आपली नळी जोडून घ्यावी, तसा हा प्रकार. फुले येणाऱ्या वनस्पतींपैकी शेकड्यात सुमारे एक जात असे करते. म्हणजे जगात अशा साडेचार हजारांवर जाती आहेत. त्या सगळ्या एका आजीच्या नाती नाहीत. निरनिराळ्या कुळांत मिळून सुमारे बारा वेळा ही युक्ती स्वतंत्रपणे निघाली आहे. आयत्या बिळावर नागोबा होण्याची कल्पना एकट्या माणसाला सुचली असे मानण्याचे कारण नाही.

आता यात दोन तऱ्हा आहेत, आणि आजच्या माझ्या बोलण्यातले मुख्य सूत्र तेच आहे. झाडाच्या अंगात दोन प्रकारच्या वाहिन्या असतात. एका वाहिनीतून मुळांनी ओढलेले पाणी आणि क्षार वर जातात. दुसरीतून पानांनी तयार केलेले अन्न सगळीकडे पोचते. ज्या परोपजीवीला स्वतःची हिरवी पाने आहेत, तो मुख्यतः पहिल्या वाहिनीवर हात मारतो. त्याला पाणी आणि क्षार पाहिजेत. अन्न तो उन्हात बसून स्वतःचे स्वतः शिजवतो. हा झाला अर्धपरोपजीवी. ज्याला हिरवेपणाच नाही, तो दोन्ही वाहिन्यांना तोंड लावतो, शिधाही तुमचा आणि शिजवलेले ताटही तुमचे. हा पूर्ण परोपजीवी. बांडगूळ आणि चंदन हे दोन्ही पहिल्या प्रकारातले. पाणी मागून नेणारे, पण चूल आपली आपण पेटवणारे.

इथे मला एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायला तितकीशी सोपी नाही, पण ती वगळली तर हे भाषण अर्धे खोटे होईल.

१९७९ साली माझ्या नणंदबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. यजमान अकाली गेले होते, मूलबाळ नव्हते, सासरी कुणी ठेवून घेतले नाही. माझी नोकरी तेव्हा नवी होती आणि मुले लहान होती. वन्संनी हळूहळू घर हाती घेतले. सकाळी सातला मी बाहेर पडत असे. माझ्या मागे मुलांचे डबे, दूध, दळण, सासूबाईंचे पथ्य हे सारे त्या बघत. पण महिनाअखेर आली की हिशेबाची वही मी लिहीत असे, आणि त्या वहीत एक माणूस जास्तीचा दिसे, एवढेच मला दिसे.

एकदा शाळेतल्या एक बाई घरी आल्या होत्या. महागाईच्या गोष्टी निघाल्या. मी हसत हसत म्हणून गेले, "शाळेत बांडगूळ शिकवते आणि घरीही एक पोसते आहे." वन्सं स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. चहाचे दोन पेले त्यांनी आणून ठेवले आणि त्या आत गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही, ऐकले नसेल असे स्वतःला समजावले.

पाच-सहा दिवसांनी मी शाळेतून आले, तो माझ्या टेबलावर पाण्याच्या तांब्यात बांडगुळाची एक फांदी ठेवलेली. लांबट नारिंगी फुले आलेली, पाने जाडसर आणि हिरवीगार. वन्सं दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मागच्या आंब्यावरची मुलाकडून काढवून घेतली. वहिनी, एक विचारू? याची पाने हिरवी आहेत. तुम्हीच मुलांना शिकवता ना, की हिरवे पान आपले अन्न आपण करते म्हणून? मग हे बांडगूळही स्वतःचे अन्न स्वतःच करत असेल, नाही का?"

मी म्हटले, "हो. पाणी तेवढे दुसऱ्याचे घेते."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि कणीक मळायला गेल्या.

भगिनींनो, परीक्षेत याहून अवघड प्रश्न मला कुणी घातला नव्हता, आणि उत्तर बरोबर देऊनही एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. मी त्यांची क्षमा मागितली नाही. मास्तरकीचा ताठा आड आला. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र मी बांडगुळाचा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवला. असो.

आता आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाकडे वळू. ते तिथे गेले कसे? त्याचे बी वाऱ्याने उडत नाही, मातीतून रुजत नाही. त्याला नेऊन पोचवणारा एक पक्षी आहे, फुलटोच्या. आपल्या देशातल्या सर्वांत लहान पक्ष्यांत त्याची गणना होते. अंगठ्याएवढा जीव, पण सबंध बागेत टिक्-टिक् करून त्याने आपली हजेरी लावलेली असते. बांडगुळाचे फळ तो सबंध गिळतो. फळातला गर पचतो. बी मात्र पचत नाही, आणि त्याभोवती एक चिकट लगदा असतो, अगदी भोकराच्या फळासारखा. थोड्याच वेळात बी बाहेर पडते ते चिकटूनच, आणि पक्षी ते फांदीवर घासून सोडवतो. झाले! बी फांदीला डिंकाने लावल्यासारखे बसते, तिथेच रुजते, आणि त्याचा कोंब साल शोधू लागतो.

फुलांचीही तीच तऱ्हा. बांडगुळाची पक्व कळी आपणहून सहसा उमलत नाही. फुलटोच्या किंवा शिंजीर येऊन चोचीने ती दाबतो, तेव्हा ती फट्कन उघडते आणि पराग त्याच्या डोक्यावर उडतात. पाहुण्याने कडी वाजवल्याशिवाय दार उघडायचे नाही, अशी या घराची रीत. या देवघेवीचा अभ्यास आपल्याच कोकणात झाला. सुप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी कोकणातले शिंजीर, फुलटोचे आणि बांडगूळ यांच्यावर लिहिलेला लेख १९३१ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोठा माणूस आपल्या परसातल्या शिवीकडेही किती आदराने पाहतो, ते त्यातून कळते.

आता चंदन. आपल्यापैकी प्रत्येकीच्या देवघरात सहाण आणि चंदनाचे खोड आहे, निदान एकेकाळी होते. गंध उगाळताना आपण जो वास घेतो, तो झाडाच्या गाभ्याचा. बाहेरचे पांढरट लाकूड बिनवासाचे असते. गाभा भरायला दहा-पंधरा वर्षे तरी लागतात, आणि चांगले तेल देणारे झाड व्हायला पंचवीस-तीस. सासूने लावावे आणि सुनेने उगाळावे, असा हा व्यवहार आहे.

या झाडाचे गुपित हजारो वर्षे कुणाला उमगले नव्हते. जॉन स्कॉट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७१ साली प्रथम दाखवून दिले, की चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांचा रस घेतात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात सी. ए. बार्बर यांनी ती मुळे काळजीपूर्वक उकरून या शोषकमुळांचा बारकाईने अभ्यास केला. हेच बार्बर नंतर कोइमतूरच्या ऊसपैदास केंद्राचे पहिले प्रमुख झाले. हे केंद्र १९१२ साली निघाले. आपल्या चहातली साखर आणि आपल्या देवाचे गंध, दोहोंशी या गृहस्थांचा संबंध आहे!

चंदनाचे शोषकमूळ म्हणजे मुळावर बसलेले एक लहानसे बटण. ते शेजारच्या मुळाला घट्ट धरते. तूर, करंज, शेवगा, बाभूळ, सुरू अशा शेकडो जातींची चंदनाशी सोयरीक जमते. ज्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतून नत्र मिळते, अशा शेंगावर्गीय झाडांवर त्याची विशेष मर्जी. पाने हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतः करते, पण एकटे ठेवले तर ते फार दिवस तग धरत नाही. वरून पाहणाऱ्याला वाटते, काय हे डौलदार, स्वतंत्र झाड! खाली पाहावे तर दहा जणांचे हात धरून उभे.

राजेरजवाड्यांनी या झाडाला सुखाने जगू दिले नाही. टिपू सुलतानाने १७९२ साली ते राजवृक्ष म्हणून जाहीर केले, आणि तेव्हापासून म्हैसूर राज्यात चंदन कुणाच्याही जमिनीत उगवले तरी मालकी सरकारची. १९१४ च्या महायुद्धामुळे परदेशी जाणारे लाकूड अडून राहिले, तेव्हा १९१६ साली म्हैसूरला तेल काढण्याचा सरकारी कारखाना निघाला, आणि त्या तेलाचा साबण आपल्या घराघरांत आला. पण दारातल्या झाडावर आपला हक्क नाही आणि चोरी झाली तर जाब मात्र आपल्याला, म्हटल्यावर शेतकरी चंदनाचे रोप दिसताच उपटून टाकीत. कर्नाटकाने २००१ साली आणि तामिळनाडूने २००२ साली कायदा बदलून लावणाऱ्याला मालक केले, तेव्हा कुठे लोक पुन्हा चंदन लावू लागले. त्यात १८९९ साली कोडगूत प्रथम नोंदला गेलेला एक रोग आहे. त्यात पाने बारीक आणि ताठ होऊन काट्यांच्या झुबक्यासारखी उभी राहतात आणि दोन-तीन वर्षांत झाड जाते. त्यावर अजून खात्रीचा उपाय नाही. चोर आणि रोग या दोघांनी मिळून हे झाड आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत नेऊन बसवले आहे.

आणि आता आपल्या आवारातले चंदन का मेले ते सांगते. मातीवर खापर फोडू नका. ते मी मारले.

हसू नका, खरेच सांगते. पहिले रोप रोपवाटिकेतून आले, तेव्हा त्याच पिशवीत त्याला लगटून एक बारीकसे झुडूप होते. मी ते तण समजून उपटले. लावल्यावर भोवती स्वच्छ आळे केले, विटांचे कडे केले, आणि आठवड्याला एकदा आतले एकूण एक गवत खुरपून काढले. अंगणात काडी दिसू नये, अशी आपल्याला लहानपणापासून सवय. रोप वर्षभर बरे होते, मग पिवळे पडू लागले. मी पाणी वाढवले. चंदनाला मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. ते गेले. दुसऱ्यालाही मी त्याच मायेने मारले. ते उपटून पाहिले, तेव्हा मुळांवर ती बटणे होती, सुकलेली, आणि दोन-तीन बटणांनी कसल्याशा मेलेल्या मुळ्या अजून धरून ठेवलेल्या. एकतीस वर्षे फळ्यावर ज्याचे चित्र काढले, ते हातात आल्यावर मला ओळखू आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

सगळेच परोपजीवी असे सौम्य असतात, असा समज मात्र करून घेऊ नका. कुंपणावर पिवळ्या शेवयांसारखी पसरलेली अमरवेल सर्वांनी पाहिली आहे. नाव किती गोड! पण तिला पान नाही, जमिनीत मूळ नाही. ती रताळ्याच्या कुळातली, हे सांगितले तर खरे वाटत नाही. तिचे बी मातीत रुजते, पण कोंबाजवळची शिदोरी थोडकी. काही दिवसांत आधार मिळाला नाही तर तो मरतो. मग तो अंधारात चाचपडतो का? नाही. तो वास घेतो! अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की अमरवेलीचा कोंब टोमॅटोच्या रोपाच्या वासाच्या दिशेने वाढतो. झाड न ठेवता नुसता त्याचा वास ठेवला तरी तिकडेच झुकतो. आणि एका बाजूला टोमॅटो व एका बाजूला गहू ठेवला तर टोमॅटो पसंत करतो. शेजारी कुणाकडे काय शिजते आहे ते फोडणीवरून ओळखण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे, असे मी इतके दिवस समजत होते.

आणि ज्यांचे माहेर ज्वारीच्या मुलखातले आहे, त्यांना टारफुला सांगायला नको. दिसायला नाजूक फूल, पण त्याने शेताची राख होते. एका रोपाचे बी हजारोंनी, धुळीसारखे बारीक, आणि दहा-दहा वर्षे मातीत जिवंत राहणारे. ज्वारीच्या मुळांतून एक द्रव्य झिरपते. ते लागल्याखेरीज हे बी जागे होत नाही. जागे झाले की मुळाला चिकटते, आणि टारफुला जमिनीवर डोके काढण्याआधीच ज्वारी सुकू लागते. आता ज्वारी स्वतःच्या वैऱ्याला असे बोलावते तरी का? याचे उत्तर २००५ साली जपानी संशोधकांनी दिले. हे द्रव्य म्हणजे ज्वारीसारख्या झाडांनी मातीतल्या उपकारी बुरशीला घातलेली साद आहे. ती बुरशी मुळांना क्षार आणून देते. साद असते मित्राला, कान देऊन ऐकतो चोर. इथिओपियात झोपडीत वाढलेल्या आणि आईच्या हट्टामुळे शिकलेल्या गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या जाती तयार केल्या. त्याबद्दल त्यांना २००९ सालचे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. आफ्रिकेतल्या कितीतरी घरांची भाकरी त्या कामाने राखली.

तेव्हा टारफुला दिसला की फूल येण्याआधी उपटायचा, अमरवेल दिसली की ज्या डहाळीवर आहे त्या डहाळीसकट काढायची. यात दयामाया नाही. पण बांडगुळाला तोच न्याय लावावा का?

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये एक मोठा प्रयोग झाला. काही रानांतून तिथले सगळे बांडगूळ काढून टाकले, काहींत तसेच ठेवले, आणि तीन वर्षांनी पक्षी मोजले. जिथे बांडगूळ काढले तिथल्या पक्ष्यांच्या जातींपैकी सुमारे एक पंचमांश नाहीशा झाल्या. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. बांडगुळाची पाने गळतात ती क्षारांनी भरलेली. त्यांनी माती सुधारते, मातीत किडे होतात, किड्यांवर पक्षी जगतात. झाडाकडून घेतलेले पाणी आणि क्षार ते असे सगळ्या रानाला वाटत असते, आणि आपल्या वहीत फक्त घेतल्याची बाजू लिहिलेली.

अगदी आपल्या अंगणातले सांगते. पांढरे पंख, खालच्या बाजूने हळदीसारखा पिवळा रंग आणि कडेला कुंकवाची बोटे उमटवल्यासारखे लाल ठिपके, असे एक फुलपाखरू आपल्या आवारात नेहमी दिसते. त्याचे मराठी नावच हळदीकुंकू. ते आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर घालते, आणि सुरवंट तीच पाने खाऊन वाढतात. आंब्यावरचे बांडगूळ समूळ काढले, तर संक्रांतीला आपण बायकांनी केलेले हळदीकुंकू तेवढे उरेल, हे दुसरे उरणार नाही.

तरीही आंबा आपल्याला हवा आहे, आणि बांडगूळ फार झाले तर फांद्या वाळतात, मोहोर घटतो, हे खरेच आहे. म्हणून माझी सूचना अशी. शेंड्याकडच्या ज्या फांद्या बांडगुळाने झाकून गेल्या आहेत, तेवढ्या काढाव्यात. नुसते बांडगूळ ओरबाडू नये. आत राहिलेल्या मुळातून ते पुन्हा फुटते. ते जिथे चिकटले आहे त्याच्या खाली वीतभर सोडून फांदीच कापावी, आणि फळे पिकण्याआधी कापावी. रस्त्याच्या बाजूच्या खालच्या फांदीवरचा एक झुबका मात्र राहू द्यावा. दर वर्षी पाहावे, वाढला तर छाटावा. पाहुण्याला घराबाहेर काढायचे नाही, आणि घर त्याच्या नावावरही करून द्यायचे नाही.

चंदनाचे म्हणाल तर रोप मी घरी तयार केले आहे. त्याच्या पिशवीत या खेपेला मीच तूर पेरली. पहिल्या पावसात दोन्ही एकत्र लावायची, आणि चार-पाच हातांवर एक करंज. तूर फार उंच झाली तर वरून खुडायची, कारण चंदनाला थोडी सावली चालते, पण अंधार नको. उपटायची मात्र नाही. आळे साफ करण्याची ज्यांना माझ्यासारखीच खोड आहे, त्यांनी त्या कोपऱ्यात खुरपे घेऊन जाऊ नये, असा मी ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला कुणीतरी उभे राहावे.

वन्सं २०११ साली गेल्या. बत्तीस वर्षे त्या आमच्याकडे होत्या, असे मी म्हणत असे. त्यांच्या मागे एकदा जुन्या वह्या काढून मी हिशेब करायला बसले. मी एकतीस वर्षे नोकरी केली, दोन वरच्या परीक्षा दिल्या, मुलींना सहलींना नेले, आणि माझ्या मुलांना एकही दिवस शाळेतून आल्यावर बंद दार दिसले नाही. कोण कुणाच्या मुळावर उभे होते, ते मला त्या वहीत शेवटपर्यंत मांडता आले नाही. तेव्हापासून तो शब्द मी माणसासाठी उच्चारला नाही. झाडासाठी उच्चारते, आणि तोही जरा आदराने.

आज त्यांच्यापुढे नाही, पण तुमच्यापुढे तरी ते बोलून दाखवावे, म्हणून चिटणीसबाईंना मी लगेच हो म्हटले. चंदनाचे रोप लावताना मी म्हातारी खड्डा खणू शकणार नाही. दोन तरुण सुना मला हव्या आहेत. गंध उगाळायला मी नसेन, तेव्हा ते झाड ज्यांचे होणार त्यांनीच खणावे, हे बरे.

 चहा तयार झाला आहे असे दिसते.